सापा-सरड्यांची छोटी जखम घरी कशी सांभाळायची

माझ्या कॉर्न स्नेकच्या पाठीवर एकदा तांदळाच्या दाण्याएवढी जखम झाली. त्याला ठेवलेल्या काचेच्या टाकीतल्या फांदीचा एक तुटका खुंट माझ्या नजरेतून सुटला होता आणि त्याला घासून दोन-तीन खवले उचकटले होते. रक्त म्हणाल तर ठिपकाभर. कुत्र्याला एवढं खरचटलं असतं तर आठवड्याभरात मी ते विसरूनही गेलो असतो. या सापाची खपली सुटायला सात आठवडे लागले, आणि सुटली तीही कातेबरोबर. कात उजेडात धरली तेव्हा खवल्यांच्या पारदर्शक जाळीत एक तपकिरी ठिपका अडकलेला दिसला. तीच ती खपली.

त्या सात आठवड्यांत औषध मी फार थोडं लावलं. वेळ गेला तो थर्मामीटर बघण्यात, तळाचे कागद बदलण्यात आणि स्वतःचा हात आवरण्यात. पाळीव साप, सरडे, गेको (पालीसारखे सरडे), कासवं यांच्या जखमेबद्दल नवे पाळणारे पहिला प्रश्न विचारतात तो 'कुठलं मलम लावू?' हा. मलमाचं मी पुढे सांगणारच आहे. पण या प्राण्यांची जखम मलमाने कमी आणि उबेने जास्त भरते. हे आधी नीट समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं.

जखम इतकी हळू का भरते

आपलं शरीर आत स्वतःची भट्टी पेटती ठेवतं. बाहेर गारठा असो की ऊन, आत ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच. साप-सरड्यांकडे ही भट्टी नाही. त्यांना ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि शरीरातलं प्रत्येक काम त्या उबेवर चालतं. अन्न पचणं, पांढऱ्या पेशींनी जंतूंवर चालून जाणं, जखमेच्या कडांवरून नवी त्वचा सरकत येणं, सगळंच. टाकी गार असेल तर प्राणी नुसता शांत बसलेला दिसतो, पण आतली दुरुस्ती जवळजवळ थांबलेली असते.

किती ऊब, हे जातीवर ठरतं. बियर्डेड ड्रॅगन हा सरडा अंग शेकायच्या (बास्किंगच्या) जागी ३८ ते ४२ अंश मागतो. लेपर्ड गेकोला उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंशांची लागते, बॉल पायथन या सापालाही साधारण तेवढीच. रेड-इअर्ड स्लायडर कासवाला पाण्याबाहेर अंग शेकायला ३२ ते ३५ अंशांची जागा हवी. जखम झाल्यावर प्राण्याला आपल्या जातीच्या तापमानाच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी बसता आलं पाहिजे. त्या पट्ट्याच्या वर न्यायचं नाही, आणि दुसरी बाजू गार ठेवायची म्हणजे ठेवायचीच. कुठे बसायचं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तापमान हाताने चाचपून ठरवू नका. प्रोबचा (वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला) थर्मामीटर प्राणी जिथे प्रत्यक्ष टेकतो तिथे ठेवा. टाकीच्या काचेवर चिकटवलेली पट्टी काचेचं तापमान सांगते, प्राण्याच्या पोटाखालचं नाही.

वेळेचा अंदाज यावा म्हणून जखमेला घातलेल्या टाक्यांचं उदाहरण देतो. कुत्र्या-मांजरांचे टाके डॉक्टर साधारण १० ते १४ दिवसांत काढतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचे ४ ते ६ आठवडे ठेवतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात जखम अजून दिसतेय म्हणून घाबरायचं कारण नाही. ती वाढतेय का, ओली होतेय का, तिला वास येतोय का, एवढं बघायचं.

दुसरी गोष्ट पुवाची. आपल्याला गळू झालं की पू पातळ होतो आणि फुटून वाहून जातो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींमधली काही रसायनं मेलेल्या पेशी विरघळवतात. सापा-सरड्यांमध्ये हे काम हेटरोफिल नावाच्या पेशी करतात आणि त्यांच्याकडे ती विरघळवण्याची ताकद कमी असते. त्यामुळे त्यांचा पू चीजसारखा घट्ट गोळा होऊन बसतो. शरीर त्याभोवती जाडसर पिशवी बांधतं आणि मग औषधही आत पोचत नाही. म्हणून जखमेजवळ टणक गाठ हाताला लागली की ती दाबून, शेकून, टोचून काही होत नाही. ती डॉक्टरांनी कापून, आतला गोळा पिशवीसकट काढावा लागतो. घरच्या उपचाराची हद्द तिथे संपते.

तिसरी गोष्ट रक्ताची. या प्राण्यांच्या अंगात रक्त वजनाच्या साधारण ५ ते ८ टक्के असतं. ६० ग्रॅमच्या लेपर्ड गेकोचा हिशोब केला तर सगळं मिळून ३ ते ५ मिलिलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा. त्यातलं अर्धा मिलिलिटर गेलं तरी दहावा हिस्सा गेला. कागदावरचा रक्ताचा डाग आपल्या मापाने छोटा वाटतो. प्राण्याच्या मापाने तो किती मोठा आहे, याचा विचार करायला हवा.

छोटी जखम म्हणायची कशाला

आकारावर जाऊ नका. जखम कशाने झाली आणि किती खोल आहे, यावर जा.

वरवरचं खरचटणं, एखाद-दुसरा खवला निघणं, काचेवर सतत नाक घासून तोंडाच्या टोकाची साल जाणं, नख तुटणं, कासवाच्या कवचावर वरच्या थरापुरता ओरखडा येणं, या घरी सांभाळता येण्याजोग्या गोष्टी. प्राणी खातोय, नेहमीसारखा हलतोय, जखमेच्या तळाशी मांस दिसत नाही आणि रक्त पाच मिनिटांच्या दाबाने थांबतं, इतकं जमत असेल तर घरी बघायला हरकत नाही.

चावा मात्र कधीच छोटा धरू नये. सापाला जिवंत उंदीर खायला सोडला आणि साप भुकेला नसला, तर उंदीर उलट सापाला कुरतडतो. त्याचे दात अरुंद आणि खोल जातात. वर सुईएवढं भोक दिसतं आणि आत जंतू पेरले गेलेले असतात. वरची त्वचा बंद झाली की आत तो घट्ट पुवाचा गोळा तयार व्हायला लागतो. एका टाकीतल्या दोन सरड्यांनी एकमेकांना चावलं, मांजराचा दात लागला, तरी हेच. मांजर किंवा कुत्रा चावला असेल तर भोक दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रातकिड्यांचंही सांगून ठेवतो. गेकोसाठी सोडलेले आणि न खाल्लेले रातकिडे रात्री झोपलेल्या गेकोच्या पायाची बोटं, पापण्या, आधीची जखम कुरतडतात. सकाळी कारण न कळणारे बारीक फोड दिसले तर आधी रातकिडे मोजा.

भाजल्याची जखम ही सगळ्यात फसवी. उघडा बल्ब, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय) चालवलेली हीट मॅट, म्हणजे टाकीखालची विजेची गरम चटई, गरम होणारा कृत्रिम दगड, ही नेहमीची कारणं. पोटाखाली भाजत असतानाही हे प्राणी बऱ्याचदा जागचे हलत नाहीत. पहिल्या दिवशी खवल्यांचा रंग थोडा बदललेला दिसतो, एवढंच. भाजणं किती खोल गेलंय हे उघड व्हायला काही दिवस लागतात. तेव्हा फोड येतात, खवले ओले होऊन सुटतात आणि त्या उघड्या जागेतून अंगातलं पाणी झिरपत राहतं. म्हणून भाजलेल्या सापाला किंवा सरड्याला साधं गार पाणी लावायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. गार म्हणजे बर्फाचं नव्हे. बर्फाने त्याचं सगळं अंगच थंड पडेल.

कवचाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कासवाचं कवच हे नखासारखं निर्जीव झाकण आहे, असं अनेकांना वाटतं. वरचा थर नखाच्याच द्रव्याचा, केराटिनचा असतो हे खरं, पण त्याच्या खाली जिवंत हाड असतं, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. कवचाला तडा जाणं म्हणजे हाड मोडणं. तड्यातून रक्त किंवा ओल दिसत असेल, तुकडा हलत असेल, तर स्वच्छ ओलसर गॉझ वर ठेवून निघायचं. गोंद, इपॉक्सी यांनी ती भेग घरी बुजवू नका. आत जंतू कोंडले जातात आणि वरून कवच दुरुस्त झाल्यासारखं दिसत राहतं.

तुटलेली शेपटी

शेपटीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती बघून माणसं सगळ्यात जास्त हादरतात. लेपर्ड गेको घाबरला की शेपटी टाकतो. त्याच्या शेपटीच्या मणक्यांमध्येच तुटण्यासाठी कमकुवत रेषा असतात. शेपटी तुटली की आजूबाजूचे स्नायू आवळले जातात आणि रक्तवाहिन्या बंद होतात, म्हणून रक्त थेंब-दोन थेंबच येतं. तुटलेला तुकडा मिनिटभर वळवळतो तो शिकाऱ्याचं लक्ष वेधायला. ही जखम शरीराने आधीच योजून ठेवलेली आहे. आपण फक्त तिच्या आड यायचं नाही.

मलम नको, पट्टी नको. तळाला वाळू किंवा माती असेल तर काढून कागद घाला, टाकीत दुसरा प्राणी असेल तर वेगळा करा, ऊब तपासा. बुंध्याला घाण लागली तर सलाइनने हलकेच धुवा. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो, म्हणजे शेपटीबरोबर त्याची शिदोरीही गेली. त्याला खायला थोडं जास्त द्या, पण किडे मोकळे न सोडता चिमट्याने किंवा वाटीतून. नवी शेपटी येते ती बुटकी, गुळगुळीत, बटाट्यासारखी असते आणि तिच्या आत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. क्रेस्टेड गेकोला नवी शेपटी येतच नाही, त्याला ती नसल्याने काही अडतही नाही. बियर्डेड ड्रॅगन शेपटी टाकू शकत नाही. त्याच्या शेपटीचं टोक चावलं गेलं, काळं पडून वाळत वर सरकायला लागलं, तर तो डॉक्टरांचा विषय आहे.

प्रत्यक्ष जखम धुताना

आधी सगळं सामान मांडून ठेवा. प्राणी हातात आल्यावर बाटलीचं झाकण शोधत बसलात तर तो गार पडतो आणि घाबरतो. लागतं ते एवढंच: निर्जंतुक सलाइन, गॉझ, सुई काढलेली सिरिंज, पातळ केलेलं जंतुनाशक, हातमोजे, एक मऊ टॉवेल. कापूस नको, त्याचे तंतू खवल्यांत अडकतात. सलाइन मिळालं नाही तर १ लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम साधं मीठ विरघळवून, कोमट होऊ देऊन वापरता येतं. ते त्या दिवसापुरतंच.

धरायला दुसरं माणूस असेल तर उत्तम. साप असेल तर तो सैल गुंडाळीत टॉवेलमध्ये राहू द्या आणि जखमेचा भाग तेवढा बाहेर घ्या. सरड्याला छातीखाली आणि मागच्या पायांखाली आधार द्या, शेपटीला हात लावू नका. सापाने नुकतंच खाल्लं असेल तर ४८ तास थांबा, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकू शकतो. रक्त वाहत असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

रक्त येत असेल तर गॉझ ठेवून बोटाने हलका, सलग दाब द्या. पाच मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघायचा मोह होतो. उचललं की जमत आलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नख तुटून रक्त येत असेल तर नखाचं टोक कॉर्नस्टार्चमध्ये दाबून धरलं की बहुधा थांबतं. ही पावडर नखापुरतीच, उघड्या जखमेत नाही.

मग धुणं. सिरिंजमध्ये सलाइन भरा आणि जखमेवर तिरकं, मध्यम जोराने सोडा. पुन्हा भरा, पुन्हा सोडा. खवल्यांच्या कडेला अडकलेले वाळूचे कण, नारळाच्या भुश्याचे तंतू असे एकेक करून निघतात. माझ्या मते घरी जे काही करता येतं त्यात हे धुणं सगळ्यात मोलाचं आहे. पुढचं जंतुनाशक विसरलात तरी एक वेळ चालेल, हे नाही.

जंतुनाशकांत दोन भरवशाची. पहिलं पोव्हिडोन आयोडीन. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग औषधाला किमान दहा भाग पाणी. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. गडद तपकिरी दिसत असेल तर अजून पाणी घाला. दुसरं क्लोरहेक्सिडीन. २ टक्क्यांच्या द्रावणाचा १ मिलिलिटर घेऊन त्यात ३९ मिलिलिटर पाणी घातलं की ०.०५ टक्के होतं, तेवढं पुरतं. डोळे, कान आणि तोंड यांच्याजवळ क्लोरहेक्सिडीन नेऊ नका. दोन्ही एकत्रही करू नका. आणि बाटलीवर 'स्क्रब' लिहिलंय का ते बघा. स्क्रबमध्ये साबण मिसळलेला असतो, तो जखमेसाठी नाही. गॉझ भिजवून जखमेवर टेकवा, एक-दोन मिनिटं राहू द्या, मग टिपून कोरडं करा. सगळं मिळून पाच-सात मिनिटांत प्राणी परत आपल्या उबेत गेला पाहिजे.

मलम लावायचं की नाही

खरचटलेल्या जागी कोरडी, घट्ट बसलेली खपली आली असेल तर काहीही लावू नका. खालची नवी त्वचा त्याच छपराखाली वाढते. खपली नखाने उचलून 'आत कसं आहे' बघणं म्हणजे तीन आठवड्यांचं काम पाण्यात.

जखम अजून उघडी, ओलसर असेल तर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायाझिन क्रीमचा पातळ थर चांगलं काम करतो. पातळ म्हणजे खवले खालून दिसतील इतका. जाड थराला कचरा चिकटतो. तीन अँटिबायोटिक एकत्र असलेली साधी मलमंही वापरली जातात, पण त्यात वेदनाशामक मिसळलेलं नाही याची खात्री करा. लिडोकेन, बेन्झोकेन, प्रामोक्सिन यांपैकी कुठलंही नाव घटकांत असेल तर ती ट्यूब बाजूला ठेवा. एवढ्याशा शरीरात ही औषधं त्वचेतून शिरून घातक ठरू शकतात. स्टेरॉइड असलेली खाजेची, पुरळाची क्रीमही नको, ती जखम भरणं लांबवतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं तेव्हा काहीतरी स्वच्छ होतंय असं वाटतं, पण ते नव्या पेशीही मारतं. स्पिरिटही तसंच, वर आग होते ती वेगळी. पाण्यात घातल्यावर दुधासारखी पांढरी होणारी, क्लोरोझायलेनॉलची जंतुनाशकं या प्राण्यांना विषारी ठरू शकतात. टी ट्री आणि इतर सुगंधी तेलं नकोत. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नकोत, तुकडा करूनही नाही. सापा-सरड्यांना वेदना होतात, आणि त्यांच्यासाठी वेदनाशामकं आहेतही, पण एका जातीला लागू पडणारं औषध दुसऱ्या जातीवर काहीच काम करत नाही, असं होतं. ते डॉक्टरांकडून घ्या.

अँटिबायोटिकचंही तेच. सापांना दिलं जाणारं एक इंजेक्शन, सेफ्टाझिडिम, ७२ तासांतून एकदाच द्यायचं असतं, कारण त्यांचं शरीर ते हळूहळू बाहेर टाकतं. माणसाच्या हिशोबाने दिवसातून दोनदा काही दिलं तर काय होईल याची कल्पना करा. शिवाय शरीराच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर इंजेक्शन पुढच्या अर्ध्या भागात देतात. आणि एक धोक्याची सूचना: आयव्हरमेक्टिन कासवांसाठी जीवघेणं आहे. दुसऱ्या प्राण्याच्या अंगावरच्या माइट्ससाठी (बारीक परजीवींसाठी) आणलेलं उरलंय म्हणून कासवाच्या जखमेतल्या किड्यांवर ते कधीही वापरू नका. कासव बाहेर फिरत असेल आणि जखमेवर माशा बसलेल्या दिसल्या, तर त्याला लगेच आत आणा. अळ्या दिसल्या तर वाट बघू नका.

टाकीचं हॉस्पिटल

वाळू, माती, भुसा, साली, सगळं काढा आणि साधा पांढरा टिश्यू पेपर अंथरा. पांढरा अशासाठी की रक्ताचा, पाण्याचा, हिरवट स्रावाचा डाग त्यावर लगेच दिसतो. हा कागद तुमचा रोजचा रिपोर्ट आहे. ओला झाला की बदला, नाही झाला तरी दिवसातून एकदा बदला. टोकदार दगड, फांद्या बाहेर. लपायची जागा मात्र काढू नका. जखमी प्राण्याला उघड्यावर ठेवलं की तो ताणाखाली राहतो आणि खाणं सोडतो. पुठ्ठ्याचा खोका कापून केलेलं घरही चालतं, खराब झालं की फेकून देता येतं.

दमटपणाच्या बाबतीत दोन्हीकडून चूक होते. जखम कोरडी राहावी म्हणून टाकी पार शुष्क केली तर बॉल पायथनसारख्या दमट हवा लागणाऱ्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि नेमकी जखमेवर अडकते. हवा दमट, पण तळ कोरडा, हे साधायचं असतं. प्यायचं पाणी कायम असू द्या. ज्यात साप पूर्ण बुडून बसेल एवढं मोठं भांडं मात्र जखम ओली असेपर्यंत काढून छोटं ठेवा.

पाण्यातल्या कासवांना थोडी वेगळी सोय लागते. जखम धुऊन क्रीम लावल्यावर त्याला उबदार, कोरड्या टबात ठेवतात आणि दिवसातून एक-दोन तास स्वच्छ पाण्यात सोडतात, कारण ही कासवं पाण्यातच नीट गिळू शकतात. पाण्यातून काढल्यावर पुन्हा टिपून, पुन्हा क्रीम. गढूळ पाण्यात जखमी कासव ठेवलं तर वरची सगळी मेहनत वाया.

सापाच्या अंगाच्या मध्यावर जखम असेल तर पुढचं एखादं खाणं नेहमीपेक्षा लहान द्या. मोठं भक्ष्य गिळल्यावर त्वचा ताणते आणि भरत आलेली जखम फाटते.

हात, भांडी, लहान मुलं

सरपटणारे प्राणी अगदी निरोगी दिसत असतानाही त्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत १९७५ साली ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने, मुलं ती हाताळून, तोंडाजवळ नेऊन आजारी पडत होती. जखम धुताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि टाकीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांना या कामात मदतीला घेऊ नका, कितीही हौस असली तरी.

रोज काय बघायचं

पहिले तीन-चार दिवस दिवसातून एकदा धुणं आणि बघणं पुरे. खपली धरली की हात लावणं कमी करत जा, काचेतून बघा. मी दर तीन दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच उजेडात फोटो काढायचो. रोज बघणाऱ्या डोळ्याला हळू होणारा बदल दिसत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

कडा आत सरकताना दिसल्या, खपली कोरडी आणि गडद राहिली, प्राणी खात राहिला, तर सगळं ठीक चाललंय. कडांना सूज आली, खपलीखाली मऊ किंवा टणक फुगवटा आला, हिरवट-पिवळा स्राव दिसला, कुजका वास आला, आजूबाजूचे खवले काळे पडले, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांना फोन करा. जखमेपासून दूरचे, पोटाकडचे खवले गुलाबी-लाल झाले असतील तर जंतू रक्तात उतरल्याची शक्यता असते. मग उद्याची वाट बघायची नाही. खाणं सोडलेला सरडा, डोळे मिटून उबेपासून लांब बसलेला गेको, तोंड उघडं टाकून श्वास घेणारा साप, यांनाही न्यायचंच. नेताना प्राणी गार पडू देऊ नका. कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात शेजारी ठेवा, अंगाला थेट लागू देऊ नका.

जखम झालेला साप पुढची कात नेहमीपेक्षा लवकर टाकायला लागला तर चकित होऊ नका. शरीर त्या निमित्ताने त्वचा बदलून घेतं. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर होतात; तसे झाले की त्याला हातात घेणं थांबवा, दमटपणा थोडा वाढवा आणि कात ओढून काढू नका. जखमेवर तुकडा राहिलाच तर ओलसर कोमट गॉझ दहा मिनिटं ठेवा. सुटला तर ठीक, नाही तर पुढच्या कातेपर्यंत राहू द्या. बोटाभोवती किंवा शेपटीच्या टोकाभोवती अडकलेली कात मात्र ठेवू नका. ती वाळून दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट जातं.

पहिल्या कातेनंतर जखमेची जागा फिकट आणि सुरकुतलेली दिसते, खवल्यांची ओळ तिथे तुटलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या कातेनंतर ती आणखी सपाट होते. माझ्या कॉर्न स्नेकच्या पाठीवर आजही ती जागा बोट फिरवलं की कळते, दोन खवले जरा वाकडे उगवले आहेत. नवी फांदी टाकीत घालण्याआधी आता मी तिच्यावरून सगळीकडून बोट फिरवतो, आणि कुठे टोक लागलं तर पॉलिश पेपरने घासून काढतो.